घरातल्या अडेनियमची पानं गळतात, बुंधा मऊ पडतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

गुढीपाडवा झाला की आमच्या लातुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात. गवत बदललं जातं, हॉलची एक खिडकी मोकळी केली जाते आणि कूलर तिथं बसतो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत मला पहिला फोन येतो. "काकू, अडेनियमची पानं गळायलीत. पाणी तर रोज घालायलेय." जुलैत झड लागली की दुसरा फोन. "फांद्या नुसत्या लांबायल्यात, फूल एक नाही." आणि पोळ्याच्या आसपास तिसरा, ज्याची मला धास्ती असते. "बुंधा दाबला तर बोट आत जायलंय."

पंधरा वर्षं मी अडेनियमचे बोन्साय करते. स्वतःची आणि शेजारपाजारची मिळून किती आजारी झाडं माझ्या ओट्यावर आली याची मोजदाद नाही, पण बिघाड बहुतेक वेळा तेच ते निघतात. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. ज्याला पैसा लागत नाही ते आधी, आणि चाकू हातात घ्यायची पाळी अगदी शेवटी.

झाड समजून घेतल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही, म्हणून थोडं त्याच्याबद्दल. अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातलं. नाव अदनवरून पडलेलं. मूळ घर सहाराच्या दक्षिणेकडचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. तिथं थोडे दिवस पाऊस, मग महिनोन्‌महिने कोरडं. त्यामुळे हे झाड मिळालेलं पाणी बुंध्यात साठवतं. बुंधा म्हणजे त्याचा रांजण. रांजण भरलेला असताना मुळांभोवती ओल तशीच राहिली, तर मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेल्या मुळांतून कूज थेट रांजणात शिरते. पाणी ओढायचं काम पानं करतात आणि पानं ते उन्हातच करतात. ऊन कमी झालं की ओढ कमी झाली. घरात अडेनियम मरतं ते बहुतेक याच कारणानं: ऊन कमी होतं, पाण्याचा तांब्या मात्र तेवढाच राहतो.

हे मला २०१६ नं शिकवलं. त्या वर्षी एप्रिलपासून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत जपून ठेवलं जायचं. गच्चीवरच्या अडेनियमना दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही तांब्याभर मिळालं असेल. त्या उन्हाळ्यात ती झाडं अशी फुलली की खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची. आणि घरात, माझ्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून आणून ठेवलेलं एक, ज्याला मी पिण्याच्या पाण्यातला अर्धा पेला रोज काढून घालत होते, ते जूनमध्ये कुजलं. सात वर्षांचं झाड होतं.

आधी लक्षणं नीट बघा

सगळ्या तक्रारी "पानं गळतात" या एकाच शब्दात सांगितल्या जातात, पण पान कसं गळतंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

- खालची, जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळतात, शेंड्याची ठीक आहेत: पाणी किंवा उजेड.
- शेंड्याची कोवळी पानं फिकट पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या: पाण्यातले क्षार, लोह न मिळणं.
- फांद्या लांबट, बारीक, दोन पानांतलं अंतर वाढलेलं: उजेड कमी.
- कळी येते आणि उमलायच्या आधीच तपकिरी होऊन पडते: कीड, किंवा जागा अचानक बदलली.
- पानांवर बारीक फिकट ठिपके, खाली जाळी, चिकटपणा किंवा कापसासारखे पुंजके: कीड.
- बुंधा मऊ: लगेच पुढची पहिली तपासणी करा, बाकी नंतर.

बुंधा दाबून बघा

अंगठ्यानं बुंधा चारी बाजूंनी दाबा, मातीला टेकतो तिथं खास करून. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर झाड जिवंत आहे, घाई नाही. मऊ लागला तर तो कसा मऊ आहे ते बघायचं. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखाच मऊ असतो, साल सुरकुतलेली असते, रंग नेहमीचाच, आणि कुंडी उचलली तर हलकी. कुजलेला बुंधा एका जागी मऊ असतो. तिथं साल काळपट किंवा ओलसर दिसते, दाबल्यावर खड्डा तसाच राहतो, आणि नाक जवळ नेलं तर आंबूस वास येतो.

हा फरक न करता लोक पाणी घालतात, आणि तिथंच झाड जातं. तहानलेलं झाड एकदा भरपूर पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत पुन्हा टणक होतं. कुजलेल्याला तेच पाणी दिलं तर आठवड्याभरात कूज वर चढते. खात्री होत नसेल तर पाणी देऊ नका. अडेनियम आठ दिवस तहान सहज काढतं.

आणखी एक. डिसेंबर-जानेवारीत रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेल्या की पानं गळणं हा आजार नाही, झाड झोपतं. परभणीकडे थंडी आमच्यापेक्षा कडक, तिथं तर संपूर्ण बोडकं झालेलं झाडही मी पाहिलंय. बुंधा टणक असेल तर फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावू नका. पंधरा-वीस दिवसांतून एकदा माती जेमतेम ओली होईल इतकंच पाणी पुरे.

काडी आणि वजनकाटा

उदबत्ती जळून गेल्यावर उरलेली काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, काढून ओठांना लावा. थंड लागली किंवा मातीचे कण चिकटून आले तर आत ओल आहे. वरची माती कोरडी ठणठणीत दिसते आणि तळाशी चिखल असतो, हे बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये फार होतं. आपले शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरत नाहीत. अडेनियमला वाफसासुद्धा निघून जाऊ द्यायचा आणि मगच पुढचं पाणी.

ज्यांना काडीचा अंदाज येत नाही त्यांना मी स्वयंपाकघरातला काटा वापरायला सांगते. आमच्या शेजारच्या मुलीची कुंडी तशी केली होती. पाणी घालून निथळल्यावर २ किलो १०० ग्रॅम. पूर्वेच्या खिडकीत चार दिवसांत ती १ किलो ६५० वर आली. मग कूलर बसला, कुंडी टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात गेली, तिथं आठ दिवसांनंतरही १ किलो ९६०. रोज पाणी घालण्याचा प्रश्न तिथंच मिटला. आकडा बघितल्यावर तिनं स्वतःच तांब्या खाली ठेवला.

कुंडीच्या खाली बशी असेल तर ती रिकामी करा, आणि कुंडी शोभेच्या दुसऱ्या कुंडीत ठेवली असेल तर बाहेर काढून बघा. या शोभेच्या कुंडीला भोक नसतं, तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं असतं आणि घरातल्या कुणालाच ते माहीत नसतं. ट्रेचं भोक मुळांनी बुजलंय का तेही खालून काडी घालून बघा.

उजेड, आणि कूलरची खिडकी

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथं आहे आणि कुणी ते बघत नाही.

अडेनियम हे घरातलं झाड नाहीच, ते खिडकीतलं झाड आहे. फुलं हवी असतील तर पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ट्यूबलाइटच्या उजेडात पुस्तक वाचता येतं म्हणून झाडाला तो पुरत नाही. सोपी परीक्षा अशी: दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटांची सावली कडक, रेखीव पडली तर जागा चांगली. सावली पुसट पडली तर पानं टिकतील, फुलं विसरा. सावलीच पडली नाही तर तिथं झाड हळूहळू मरतंय.

"पण काकू, जागा बदललीच नाही, दक्षिणेची खिडकी आहे, संक्रांतीला तर छान ऊन यायचं." बरोबर आहे, यायचं. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. उन्हाळ्यात तो वर चढतो. मेच्या मध्याला लातुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीतल्या झाडाला दुपारचं थेट ऊन मिळतच नाही. बाहेर अंगाची लाही होत असते, त्यामुळे आपल्याला वाटतं झाडाला ऊन भरपूर आहे. मग जूनमध्ये ढग येतात, आहे तेही जातं. पावसाळ्यात फांद्या लांबतात त्या अशा. मे ते जुलै झाड पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवा, दसऱ्यानंतर परत दक्षिणेला आणा.

आता कूलर. तो दोन बाजूंनी मारतो. एक तर घरातली सगळ्यात उजेडाची खिडकी तोच घेतो आणि झाड कोपऱ्यात जातं. दुसरं, त्याची हवा दमट असते. एरवी मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कुंडी दोन-तीन दिवसांत वाळते, कूलरच्या खोलीत ती आठवडाभर ओली राहते. तेव्हा कूलर बसवायच्या आधीच झाडाची दुसरी जागा ठरवा: गॅलरी, जिन्याची खिडकी, स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी. काहीच नसेल तर पांढरी एलईडी बत्ती शेंड्यापासून फूट-सव्वा फुटावर दहा-बारा तास लावा. पानं टिकतात. फुलांची हमी मी देणार नाही.

कोपऱ्यातलं झाड एकदम एप्रिलच्या गच्चीवर नेऊ नका. बुंध्याची साल उन्हानं भाजते, भाजलेला डाग खोल जातो आणि पावसाळ्यात नेमकी तिथूनच कूज सुरू होते. दहा-बारा दिवस आधी सकाळचं ऊन, मग थोडं थोडं वाढवत न्या.

कीड

पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. पिवळे किडे कोवळ्या शेंड्यावर गर्दी करून असतील तर मावा, हाच मावा कण्हेरीवरही दिसतो. कण्हेरीवरची हिरवी मोठी अळी अडेनियमवरही येते आणि एका रात्रीत फांदी बोडकी करते. ती हातानंच उचलायची. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके कापसाला स्पिरिट लावून पुसा. बाकीला लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन-तीन थेंब भांड्याचा द्रव साबण, संध्याकाळी फवारा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. बंद घरात शेतातली औषधं फवारू नका.

पाणी कुठलं घालताय?

मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतोय? बुंध्यावर पांढरी रेघ? मग बोअरचं जड पाणी. आपल्याकडे दुसरा इलाजही नसतो, हे मला कळतं. पण एक गोष्ट मात्र आजच थांबवा: आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालणं. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, आपण टंचाई पाहिलेली माणसं आहोत. पण त्या पाण्यात आधीच्याच पाण्यातले क्षार घट्ट होऊन आलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा.

क्षारांमुळे मुळांना लोह उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. उपाय स्वस्त आहे. पहिला पाऊस पत्रे-गच्ची धुऊन गेल्यावरचं पाणी दोन-चार कॅन भरून झाकून ठेवा. महिन्यातून एकदा, भर उन्हाच्या दिवसांत, त्या पाण्यानं कुंडी भरभरून धुवा, खालून पाणी वाहू द्या. पानं तरी सुधारली नाहीत तर कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं पुरे.

माती

आतापर्यंत काहीच सापडलं नसेल तर झाड कुंडीतून काढून बघावं लागेल. हे काम होळीनंतर ते मेपर्यंतच. पावसाळ्यात किंवा थंडीत फक्त जीव वाचवायचा असेल तर.

आपली काळी माती कपाशीला, सोयाबीनला सोनं आहे, कुंडीतल्या अडेनियमला विष. ओली झाली की फुगते, हवेची जागा बंद करते. वाळली की भेगाळते आणि बारीक मुळ्या तोडते. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती अनेकदा याच मातीचा गोळा असतो, वर दिखाऊ खडे. गोळा पूर्ण काढा.

मी वापरते ते मिश्रण: दोन भाग चाळलेला कडक मुरूम, एक भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. मुरूम रात्रभर पाण्यात भिजवून बघा. सकाळी खडे शाबूत असतील तर घ्या, चिखल झाला असेल तर टाकून द्या. बारीक पूड चाळून काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, कारण तीच पूड तळाशी बसून भोक बुजवते. नव्या मिश्रणात लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही. तुटलेल्या मुळ्यांच्या जखमा आधी वाळायला हव्यात.

चाकू

बुंधा एका जागी मऊ आहे, वास आहे, तर वाट बघू नका. हातमोजे घाला. अडेनियमचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावायचं विष त्यापासून करत. डोळ्याला हात लावू नका, मुलांना खोलीबाहेर ठेवा.

झाड काढा, मुळं धुवा. धारदार चाकू स्पिरिटनं पुसून घ्या. निरोगी गर पांढरट आणि करकरीत असतो, कुजलेला तपकिरी, शिळ्या रताळ्यासारखा. तपकिरी कापत जा, प्रत्येक कापानंतर चाकू पुन्हा पुसा. पांढऱ्या गरात एखादा तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर तीही संपेपर्यंत कापा. इथं हात कचरतो. माझ्या एका झाडाची तीन सुंदर मुळं वाचवायची म्हणून मी रुपयाएवढा डाग तसाच सोडला होता. चौथ्या दिवशी उघडून पाहिलं तर कूज फांद्यांपर्यंत गेलेली. तेव्हापासून मी आकाराचा विचार करत नाही, आधी झाड, बोन्साय नंतर.

कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लावा. सुतळीनं झाड उलटं टांगा, सावलीत, वारा लागेल असं. सात ते दहा दिवस. जखमेवर कोरडी, कडक खपली धरली की कोरड्या मुरमात नुसतं टेकवून ठेवा. नवा धुमारा हलेपर्यंत पाणी नाही. त्याला महिनाही लागतो.

कुठं थांबायचं

कूज बुंध्याच्या चारी बाजूंनी फिरली असेल तर कापत बसू नका, बुंधा वाचणार नाही. वरच्या फांद्या टणक असतील तर त्याच दिवशी कलम बांधणाऱ्या जाणत्या रोपवाटिकेवाल्याकडे घेऊन जा. तो त्या फांदीचं दुसऱ्या रोपावर कलम करून तुमचं फूल वाचवू शकतो. गडद रंगाची, दुहेरी फुलांची झाडं बहुधा कलमीच असतात. कलमाच्या जोडाजवळ कूज असेल तरी त्याच्याकडेच जा, तो जोड घरी कापायची गोष्ट नाही.

घरातल्या सगळ्याच कुंड्यांवर पांढरा थर येत असेल, सगळ्यांचीच पानं पिवळी पडत असतील, तर औषधांवर पैसे घालवू नका. बाटलीभर पाणी आणि पिशवीत माती घेऊन माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

चीक डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुलानं पान किंवा फूल चावलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका, झाडाची फांदी सोबत घेऊन थेट दवाखाना. या विषाचा परिणाम हृदयावर होतो.

छाटलेल्या फांद्या आणि कापलेला गर उकिरड्यावर किंवा कंपाउंडबाहेर टाकू नका. आपल्याकडे शेळ्या मोकळ्या फिरतात आणि हिरवं दिसलं की तोंड घालतात. हातभर खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा.